वरच्या कलमाखालची खुर्ची

पूर्णगडाकडे जाताना रस्त्यापासून आत एक आंब्याची बाग आहे. कातळ फोडून केलेली, डोंगराच्या अंगाला सात टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला जांभे दगड रचून घातलेला गडगा. चौदा हंगाम ती बाग मी कराराने घेतली. म्हणजे मोहोर येण्याआधी मालकिणीशी रक्कम ठरवायची. मग खत, फवारणी, राखण, तोडणी सगळं आपल्या डोक्यावर, आणि आंबा आपला. अवकाळी पाऊस पडला तर नुकसानही आपलंच. सोळाव्या वर्षी मी ट्रकवर पेट्या चढवायला लागलो तेव्हा माझ्या मालकीचं आंब्याचं पानसुद्धा नव्हतं. जमीन आजही फारशी नाही. पण मोहोर बघून बागेत किती आंबा धरेल हे सांगू शकणारी जी थोडी माणसं या भागात आहेत, त्यांत मी आहे. हे दुसऱ्या कुणी म्हणायची वाट मी बघत नाही.

त्या बागेची एक रीत आहे, मालकिणीच्या सासऱ्यापासून चालत आलेली. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, ज्याला बाग हवी असेल त्याने खालच्या बेड्याशी, म्हणजे बागेच्या फाटकाशी, यायचं. मालकीण पुढे, बाकीचे मागे. एकेक टप्पा चढत, कलमं बघत वर जायचं. वाटेत भावाचा शब्द काढायचा नाही. सगळ्यात वरच्या टप्प्यावर एक जुनं कलम आहे, त्याच्याखाली बोलणी. तिथे जो उभा असेल त्याने बोलावं. जो मागे राहिला त्याला शब्द नाही. मालकीण आता सत्तरीची आहे, काडीसारखी, आणि अनवाणी चढते. तिचं म्हणणं सरळ आहे. जो स्वतः बाग चढत नाही तो ती गड्यांवर सोडतो, आणि गड्यांवर सोडलेलं कलम बांडगूळ खाऊन टाकतं.

मागच्याच्या मागच्या वर्षी मी चौथ्या टप्प्यावर बसलो.

दम लागला होता. डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं. पाच मिनिटं बसतो आणि जातो, असं म्हणून गडग्यावर टेकलो. वर पोचलो तेव्हा बोलणी संपली होती आणि बाग माझ्या मेहुण्याने घेतली होती. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी हा रिकामा फिरत होता, तेव्हा मी त्याला धंद्यात आणला. मोहोर कसा बघायचा, मालकाशी कसं बोलायचं, कधी उठायचं, सगळं मी शिकवलं. तो मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही कशाला वर आलात? पुढल्या वर्षी मी इथे खुर्चीच आणून ठेवतो तुमच्यासाठी."

गडी हसले. नेपाळी राखणदार हसला. मालकीण हसली नाही.

ती खुर्ची मग माझ्यामागे लागली. संध्याकाळी बाजारात चहाच्या टपरीवर एकाने स्टूल पुढे केलं. "बसा हो, चढण आहे पुढे." पुढच्या महिन्यात घरच्याच एका लग्नात मेहुण्याने सगळ्यांसमोर प्लास्टिकची खुर्ची फरफटत आणली. "भावोजी, बसून घ्या." मी तिथेच त्याची कॉलर धरली असती. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, मस्करी केली त्याने."

"बाग पण मस्करीत घेतली?"

"तुम्ही बसलात खाली, त्याला त्याने काय करावं?"

हे खरं होतं, म्हणून मी जेवलो नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी चार दिवस भाट्याच्या किनाऱ्यावर चाललो. रत्नागिरीत आंबेवाल्याला चालू देत नाहीत. दर शंभर पावलांवर कुणीतरी थांबवणार, यंदा आंबा कसा विचारणार, आणि मग हळूच, "बाग गेली म्हणे?" पाचव्या दिवशी मी वाटेतून परतलो. बाजारात एका रंगाच्या दुकानावर पाटी दिसली. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, वजन कमी करा, नवशिक्यांना प्रवेश. वरून धपधप असा आवाज येत होता. कुणीतरी कशाला तरी मनापासून मारत होतं. मला तेच हवं होतं. मी जिना चढलो. अठरा पायऱ्या. वर जाऊन भिंत धरून उभा राहिलो.

शिकवणारी मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. मच्छीमार घरातली, मुंबईला राहून शिकून आलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी मालकाच्या बागेकडे तसं बघतो.

"काका, मुलाचं नाव घालायचंय का?"

"माझं घालायचंय."

"बरं. सकाळी सहा. पँट चालणार नाही, हाफपँट आणा."

मी म्हटलं, तीन महिन्यांचे एकदम देतो, थोडं सोड. तिने भिंतीवरच्या दराच्या कागदाकडे बोट केलं आणि दुसऱ्याच कुणाला तरी ओरडायला गेली. मी जिन्यात दोन मिनिटं थांबलो. मग परत जाऊन कागदावरचेच दिले. पहिल्याच दिवशी मी हरलो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हाफपँट घालून दोरीवरच्या उड्या मारणं काय असतं, ते ज्याने केलं नाही त्याने हसू नये. पहिल्या आठवड्यात मला सलग बारा उड्या जमत नव्हत्या. हाताला पट्ट्या गुंडाळायला शिकलो, तर त्या सुटून पायात यायच्या. ठोसा मारताना माझा खांदा आधी बोलायचा आणि हात मागून यायचा. पॅड धरून उभी असलेली ती मुलगी म्हणायची, "काका, तुमचा ठोसा येणार हे खालच्या दुकानात पण कळतं." जमिनीवर पाठीवर पडून, कुशीवर होत, कंबर मागे ढकलत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायचं असे. आमच्या बाजूला कोलंबी पकडल्यावर जशी उडते तसं. कॉलेजातली पोरं सरसर जात. मी मध्येच अडकून छताच्या पंख्याकडे बघत राही. दमट हवेत मॅट घामाने अशी चिकट व्हायची की पाठ सोलून निघे.

जोर मारायच्या वेळी तर आमचं रोज वाजायचं.

"तीस," ती म्हणायची.

"पंधरा मारतो. पण नीट मारतो."

"पस्तीस."

"अगं, वीस म्हण, विषय संपव."

"चाळीस."

असं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आपण खाली ओढावं तर हे वर जातं. शेवटी मी आकडा बोलणंच सोडलं. मुकाट्याने खाली गेलो आणि बावीसला कोसळलो. ती म्हणाली, "बावीस झाले. कालपेक्षा चार जास्त." ती मोजत होती हे मला माहीत नव्हतं.

माझ्या जोडीला एक सरकारी कचेरीतला कारकून होता. तिशीचा, चष्मा काढून खिळ्याला अडकवून मॅटवर येणारा, आवाज इतका मऊ की चहा मागितला तरी दोनदा विचारावं लागेल. पहिल्या दिवशी त्याला बघून मला हायसं वाटलं. दहा मिनिटांत त्याने मला तीनदा खाली घातलं आणि प्रत्येक वेळी "सॉरी हं काका" म्हणाला. त्या सॉरीचा मला मारापेक्षा जास्त राग यायचा.

इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. घासाघीस अडली की आम्ही उठतो. समोरच्याचा आकडा पटत नसेल तर एक शब्द न बोलता पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. फार जोरात नाही, फार हळू नाही. दहा पावलं गेलं की चपलेचा अंगठा नीट करायला वाकायचं. तेवढ्यात मागून हाक येते. "अहो, या इकडे, काय ते बोलून टाका." आली हाक की भाव आपला. तीस वर्षं माझी पाठ माझ्यासाठी बोलत आलीय. हा डाव मी मेहुण्यालाही शिकवला. चपलेच्या अंगठ्यासकट.

फेब्रुवारीतला एक दिवस. कारकून माझ्यावर चालून येत होता, एकामागून एक हलके ठोसे, कोपऱ्यात दाबत. मला काही सुचेना. आणि काही सुचेना तेव्हा माझं शरीर तीस वर्षं जे करत आलंय तेच त्याने केलं. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. दोन पावलंही झाली नसतील. पाठीवर ओझं पडलं, कमरेला पायांची कात्री बसली आणि गळ्याभोवती हात आला. मी मॅटवर. अशा वेळी हाताने दोनदा थोपटायचं, की समोरचा सोडतो. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी थोपटलं नाही. त्या सॉरीवाल्यापुढे मी थोपटणार नव्हतो. कानात समुद्र वाजायला लागला, दिवे बारीक झाले, आणि पुढचं मला आठवतं ते ती मुलगी त्याला बाजूला ओढत होती एवढंच.

"काका, थोपटलं का नाहीत?"

"मी हरलो नव्हतो."

"तुमचे डोळे वर गेले होते! आणि आधी पाठ का दिलीत?"

मी धापा टाकत म्हटलं, "धंद्यात पाठ फिरवली की समोरचा हाक मारतो."

पोरं हसायला लागली. ती हसली नाही. "इथे हाक मारत नाहीत. गळा धरतात. आणि थोपटायचं तर लवकर थोपटायचं, म्हणजे दुसऱ्या डावाला श्वास उरतो. रोज कुणीतरी थोपटतंच. मी पण."

पोरांचं ते हसणं आणि गड्यांचं ते हसणं माझ्या कानात एक झालं. मी पट्ट्या सोडून फेकल्या. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. हा धंदा आहे की कत्तलखाना, पैसे परत कर, तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी, असं सगळं. आणि पाठ फिरवून जिना उतरलो.

खाली स्कूटरशी आलो. हेल्मेट घातलं. पट्टा लावला, काढला, परत लावला. आरसा पुसला. वरून दोरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. सप, सप, सप. रंगाच्या दुकानदाराने शटर वर केलं, मला बघून नमस्कार केला, आत जाऊन उदबत्ती लावून बाहेर आला, तरी मी तिथेच. त्याने विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

कुणी हाक मारली नाही.

तीन दिवस मी घरात सगळ्यांवर ओरडत होतो. मान वळत नव्हती. बायको रात्रीचं जेवण झाल्यावर तेल कोमट करून मानेला चोळायची आणि बोलायची. "झालं ना? फिटली हौस? त्याच्यावरचा राग आपल्याच हाडांवर काढायचा, ही कुठली रीत?"

मी म्हटलं, "तुझा भाऊ खुश होईल, मी सोडलं म्हणून."

तिचा हात थांबला. "त्याला माहीत पण नाही तुम्ही कुठे जाता ते. तो तुमचा विचारच करत नाही." परत तेल घेत म्हणाली, "आणि तुम्ही सोडलंत असं मी कधी म्हटलं? हौस फिटली का विचारलं."

हौस फिटली नव्हती. तो विचारच करत नाही, हे ऐकून तर आणखी पेटली. चौथ्या दिवशी सहाला पाच कमी असताना मी जिना चढलो. भिंत धरावी लागली नाही. वर काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, थोडी माफी, थोडा ताठा. तिने बोलू दिलं नाही. "चपला बाहेर. दोरी घ्या." कारकून म्हणाला, "बरं वाटतंय ना काका?" आणि त्या दिवशी त्याने गळा धरला तेव्हा मी लगेच थोपटलं. परत उभा राहिलो. परत थोपटलं. सातव्या वेळी हनुवटी छातीशी घेऊन त्याचा हात बाहेरच अडवला. समोर तोंड करून उभा राहिलो, एक ठोसा नाकावर घेतला, पण वळलो नाही. ती लांबून ओरडली, "असंच! बघत रहा त्याच्याकडे!"

हंगाम आला. दुसऱ्यांच्या लहान बागा घेऊन मी तो काढला. पहाटे चारला पेट्या भरायच्या, सहाला हॉल, आठला परत बागेत. पावसाळ्यात मॅटला बुरशीचा वास यायचा, निम्मे लोक गळाले, मी गेलो. मी बारीक झालो असं कुणी समजू नये. पट्टा दोन भोकं आत आला, पोट आहे तिथेच आहे. पण नारळी पौर्णिमेपर्यंत मी दोरीवरच्या तीनशे उड्या मारत होतो आणि त्यानंतर बोलू शकत होतो. उड्यांपेक्षा मला त्या बोलण्याचं अप्रूप होतं.

कारण घासाघीस श्वासावर चालते. आकडा सांगून झाल्यावर जो आधी बोलतो तो घसरतो. आणि धाप लागलेल्या माणसाला गप्प राहता येत नाही. त्याची छाती त्याची अडचण सांगून टाकते. त्या वर्षी मी पाच मिनिटं आधी वर पोचलो असतो तरी बाग गेलीच असती. हे मला हॉलमध्ये कळलं, बागेत नाही.

तुळशीचं लग्न झालं. रविवारी सकाळी मी बेड्याशी पोचलो, तर मेहुणा आधीच उभा. सोबत दोन गडी, आणि एका गड्याच्या डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची.

"भावोजी! आलात? शब्दाचा पक्का आहे मी. खुर्ची आणलीय."

"आण," मी म्हटलं. "वरपर्यंत आण."

मालकिणीने आमच्या दोघांकडे बघितलं आणि पदर खोचला. "चला. उन्हं व्हायच्या आत."

चढलो. दुसऱ्या टप्प्यावर पोटऱ्या भरल्या. तिसऱ्यावर घाम डोळ्यांत आला. चौथ्या टप्प्यावर तो गडगा दिसला, माझ्या बसण्याच्या जागेवर शेवाळ सुकलेलं. मी नाकाने श्वास घेतला, तोंड बंद ठेवलं, जसं हॉलमध्ये दात वाचवायचं रबरी माउथगार्ड दातात धरल्यावर ठेवतात. कलमं बघत होतो. दोन कलमांवर बांडगूळ होतं, एका बुंध्याला खोड पोखरणारं भिरूड लागून भुसा पडला होता. मेहुणा माझ्यापुढे चालत होता, पण कलमांकडे बघत नव्हता. मागे वळून माझ्याकडे बघत होता. सहाव्या टप्प्यावर त्याची धाप मला ऐकू आली. वर्षभर तोही गाडीतूनच फिरला होता.

वर गड्याने खुर्ची कलमाखाली ठेवली. मेहुणा हात पुढे करून म्हणाला, "बसा, भावोजी."

मी काही बोलायच्या आत मालकीण जाऊन तिच्यात बसली. "बरा केलास मेल्या. गुडघे दुखतात हल्ली." मग तिने मिश्री लावलेलं बोट पुसलं आणि आकडा सांगितला.

आकडा जड होता. मेहुण्याने धापेतच उत्तर दिलं, "काकी, एवढा नाय परवडत," आणि आपला आकडा सांगितला. तिने मान हलवली. त्याने खांदे उडवले. "मग ऱ्हाऊदे. चलतो मी." त्याने पाठ फिरवली. फार जोरात नाही, फार हळू नाही. मी मनात पावलं मोजत होतो. दहाव्या पावलाला, गडग्याशी, तो चपलेचा अंगठा नीट करायला वाकला.

माझे पाय वळवळले. खोटं कशाला सांगू, तीस वर्षांची सवय आहे. पण मी तिच्यासमोरच उभा राहिलो, तिच्याकडे बघत. म्हटलं, "काकी, दुसऱ्या नि पाचव्या टप्प्यावर बांडगूळ हाय. खालच्या मोठ्या कलमाला भिरूड लागलंय. वर्षभर कोण वर चढलेलं नाय. ते मी काढीन." आणि माझा आकडा सांगून गप्प झालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बघत राहिलो. खाली खाडीत एक होडी ठकठक करत निघाली आणि वळणाआड गेली, तरी आम्ही गप्प. माझी छाती शांत होती. म्हणजे अगदी शांत नव्हती, पण बोलत नव्हती.

"थोडा चढ," ती म्हणाली.

थोडा चढलो. ती "बरं" म्हणाली. मग गडग्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "काय रे, चप्पल तुटली काय?"

मेहुणा सरळ उभा राहिला. गडी या वेळीही हसले. मी नाही हसलो. हसलो असं तो सगळीकडे सांगतो, ते खोटं आहे.

बायकोचं मत आहे की मी बाग महाग घेतली. असेल. यंदा मोहोरही उशिरा आलाय. तिने दोनदा सुचवलं की आता दोघांनी बोलून टाका, एक रक्त आहे. माझं आणि त्याचं एक रक्त नाही. तो माफी मागेल त्या दिवशी बघू, आणि तो मागणार नाही, मीही वाट बघत नाही. मी आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला हॉलमध्ये असतो. कारकून अजून मला खाली घालतो. परवा मी त्याला एकदा घातलं आणि चुकून "सॉरी हं" म्हणालो.

खुर्ची तो वरच विसरून गेला होता. दिवाळीत आणलेल्या सहांपैकी एक, घरच्या सेटमधली. त्याच्या बायकोने निरोप पाठवला, खुर्ची पाठवून द्या. मी निरोप पाठवला, तुमचीच आहे, मी तिच्यात एकदाही बसलेलो नाही. वरच्या कलमाखाली ठेवलीय. हवी असेल तर त्याने चढावं आणि घेऊन जावं.

अजून तिथेच आहे.